भाजीच्या ट्रेखाली पाणी, वर फ्रीजरमध्ये बर्फाचा थर, मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. खरंच भरायचा का?

गॅलरीतली_तुळस:
नमस्कार मंडळी, गोरेगावला राहते. घरी डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, बराच जुना झालाय पण कधी त्रास नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय, सकाळी ट्रे ओढला की खाली हे एवढं पाणी आणि तिथून दाराखालून लादीवर ओघळ. परवा सासूबाई घसरता घसरता वाचल्या, तेव्हापासून जीवाला घोर लागलाय. वर फ्रीजरच्या तळाला बर्फाचा जाड थर झालाय, बर्फाचा ट्रे त्यालाच चिकटतो. कूलिंग मात्र व्यवस्थित, दूध नासत नाही, आईस्क्रीम घट्ट राहतं. मेकॅनिक आला, काही न उघडताच गॅस कमी झालाय म्हणाला आणि भलामोठा आकडा सांगितला. फ्रॉस्ट फ्री असून बर्फ होतोच कसा? घरी काही करता येईल का?

परळ_फ्रीज_एसी:
ताई, गॅस अजिबात भरू नका. आयटीआयला हाच ट्रेड केलाय, लालबाग-परळला हीच कामं करतो म्हणून खात्रीने सांगतो. गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, सील केलेल्या पाइपात फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि मग आधी आईस्क्रीम पातळ व्हायला लागतं, कंप्रेसर बंदच होत नाही. तुमचं कूलिंग ठीक आहे म्हणताय तर विषयच वेगळा.

फ्रॉस्ट फ्रीमध्येही बर्फ होतोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनलच्या आड कॉइल असते, तिच्यावर बर्फ धरतो, दिवसातून दोन-तीनदा हीटर चालू होऊन तो वितळवतो आणि ते पाणी खालच्या भोकातून पाइपने मागे कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं, तिथल्या गरमीने उडून जातं. आता ते भोक चोंदलं की पाणी फ्रीजरच्या तळाला पसरून गोठणार आणि उरलेलं खाली भाजीच्या ट्रेखाली येणार. तुमची दोन्ही लक्षणं एकाच जागेची आहेत.

करायचं काय तर प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. दोन्ही दारं उघडी ठेवून रात्रभर वितळू द्या, खाली जुन्या चादरी टाका कारण पाणी खूप येतं. सकाळी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, सुई नको, तिला सलाइनच्या नळीचा तुकडा लावा आणि भोकात कोमट पाणी हळूहळू सोडा. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. तारही घालू नका. मागच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला की पाइप मोकळा झाला. पाइपच्या खालच्या टोकाला रबराचं बारीक तोंड असतं, बरेचदा कचरा तिथेच अडकतो, हाताने दाबून साफ होतं. भोक पॅनलच्या मागे असेल आणि स्क्रू काढायची सवय नसेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवा पण त्याला स्पष्ट सांगा, ड्रेन साफ करायचाय, गॅस नको.

भांडुप_स्टेशन_रोड:
मधेच विचारतो, आमचा सिंगल डोअर आहे, बर्फाचा कप्पा इतका भरलाय की झाकण लागत नाही. आई म्हणते उलथण्याने काढू. चालेल का?

परळ_फ्रीज_एसी:
दादा आईंना आत्ताच थांबवा. सिंगल डोअरमध्ये तो बर्फाचा कप्पा म्हणजेच कॉइल, पत्र्याच्या आतूनच गॅस फिरतो. उलथण्याचं टोक लागून भोक पडलं की गॅस गेला, कप्पाच बदलावा लागतो, आणि आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेणारा आहे. थंडी कमी-जास्त करायच्या नॉबच्या मधलं डिफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, बटण दाबा, वितळेल तेवढं वितळू द्या, खालचा ट्रे मधे मधे रिकामा करा. यापुढे बर्फ बोटाच्या अर्ध्या जाडीचा झाला की लगेच बटण दाबायचं, साठवायचं नाही.

माहीमची_सुगरण:
तुळसताई, रात्रभर बंद ठेवायच्या आधी मासे संपवून टाका. राहिलेच तर कोळणीकडून थर्माकोलचा खोका आणि बर्फ आणा, दूध शेजारी ठेवायला द्या. पूर्ण सुटलेली सुरमई परत गोठवू नका, त्याच दिवशी कालवण करा.

आणि दाराचं रबर बघा हो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा बरेचदा ८५ टक्क्यांच्या वर असतो, रबर जरा ढिलं असलं तरी ती सगळी वाफ आत जाऊन बर्फच होतो. दहाची नोट दारात धरून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर तिथे फट आहे. चारी बाजूंनी करून बघा. नुसतं मळलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पुरतं, वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करून बोटाने बसवायचं. फाटलं असेल तर मात्र बदला. गरम वरण-भात आत ठेवणं, उघड्या भांड्यात आमटी ठेवणं, याने पण तीच वाफ वाढते.

अजून एक, मागचा ट्रे. पावसात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला येतात तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्यांबरोबर तोही बघतात, डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरडा करा. घरात वयस्कर माणूस आणि लहान मुलं असतील तर हे टाळूच नका.

गॅलरीतली_तुळस:
खूप आभार सगळ्यांचे! ह्यांनी पॅनल काढलं, भोकात कोथिंबिरीच्या काड्या आणि बुळबुळीत काहीतरी होतं, कोमट पाणी सोडल्यावर मागे धार पडली. नोट वरच्या कोपऱ्यातून सटकन निघाली, तिथलं रबर गरम करून बसवलंय. आता पाणी नाही. पण परत झालं तर काय समजायचं?

परळ_फ्रीज_एसी:
मस्त काम केलंत. आता फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच करा, दार आपोआप मिटलं पाहिजे. पुढचे आठ-दहा दिवस फ्रीजरचं मागचं पॅनल बघत राहा. तळाला पाणी नाही पण पॅनलवरच बर्फ धरायला लागला, पंखा घासल्यासारखा आवाज आला, खालचं कूलिंग कमी झालं, तर समजा हीटर, सेन्सर नाहीतर टायमर गेलाय. ते घरचं काम नाही. जो येईल त्याला हीटर मल्टीमीटर लावून तुमच्यासमोर तपासायला सांगा, बदललेला जुना पार्ट मागून घ्या.