सेंट ल्युबिन, डी बॉइन आणि पुणे दरबार : फ्रान्सचा राजा नेमका कोणाच्या पाठीशी होता?

साष्टीकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी मुलुंडचा रहिवासी, म्हणजे जुन्या साष्टी बेटावरचा. हे बेट इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला सर करून मराठ्यांकडून घेतले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला तेव्हाही ते परत केले नाही. हा इतिहास मुलांना सांगताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडतो, म्हणून येथे विचारतो आहे.

पुरंदरच्या तहानंतर दुसऱ्याच वर्षी सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौल बंदरात उतरला आणि पुण्यास आला. सोळाव्या लुईचा आरमारमंत्री सार्तीन याने त्याला पाठवले होते. नाना फडणिसांनी इंग्रज वकील मॉस्टिन पुण्यात हजर असताना त्याचा उघड सन्मान केला. सैन्य, दारूगोळा आणि कवायत शिकवणारे अंमलदार पुरवण्याची भाषा ल्युबिनने केली आणि मोबदल्यात चौलचे बंदर मागितले. पुढे एकही फ्रेंच पलटण कोकणात उतरली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेची कोंडी झाली, ती सर्वस्वी मराठी फौजांनी केली.

याच सुमारास, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने अमेरिकेतील बंडखोर वसाहतींशी तह केला, १७८० मध्ये रोशांबोच्या हाताखाली सुमारे साडेपाच हजार सैनिक तेथे उतरवले, आणि १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली त्यात फ्रेंच आरमाराचा वाटा निर्णायक होता. शत्रू दोन्हीकडे एकच असताना फिलाडेल्फियाला, म्हणजे अमेरिकन बंडखोरांना, जे मिळाले ते पुण्याला का मिळाले नाही? ल्युबिन लबाड होता, नाना फसले, की फ्रान्सच्या मनातच काही नव्हते? आणि शिंद्यांच्या पदरी ज्या फ्रेंच अंमलदारांच्या पलटणी होत्या, त्यांना फ्रान्सची मदत मानावे काय?

माझगावचा वाचक

आपल्या प्रश्नातील अमेरिकेची तुलना मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिचे उत्तर दरबारात शोधण्याआधी समुद्रावर शोधले पाहिजे. माझे आयुष्य गोदीच्या परिसरात गेले, त्यामुळे या बाजूकडे माझे लक्ष अधिक जाते, हे आधीच सांगतो.

फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातून निघालेले जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला दोन-अडीच महिन्यांत पोहोचू शकत असे. हिंदुस्थानला येण्यास सहा महिने किंवा अधिक लागत, आणि वाटेत फ्रेंचांचे भरवशाचे ठाणे म्हणजे मॉरिशस, ज्याला ते तेव्हा फ्रान्सचे बेट म्हणत. पण पोहोचणे हा अर्धाच भाग झाला. लढाऊ आरमाराला डोलकाठ्या बदलायला, तळाची डागडुजी करायला आणि वादळाचे दिवस काढायला सुरक्षित बंदर हवे असते. आजही पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद ठेवाव्या लागतात. मग शिडाच्या मोठ्या जहाजांची जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनाऱ्यावर काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. ऑक्टोबरनंतर पूर्व किनाऱ्याचीही तीच गत, कारण ईशान्येकडचे वारे सुरू झाले की मद्रास किंवा पाँडिचेरीच्या उघड्या समुद्रात नांगर टाकून राहणे धोक्याचे असे. या दोन्ही संकटांवर इंग्रजांकडे एक उत्तर होते आणि ते म्हणजे आपली मुंबई. येथील बंदर बारमाही होतेच, शिवाय १७५० च्या सुमारास कोरडी गोदी बांधून झाली होती आणि सुरतेहून आणलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने जहाजबांधणीत नाव मिळवले होते.

याचा परिणाम १७८२ च्या अखेरीस स्पष्ट दिसतो. त्या वर्षी सुफ्राँ या फ्रेंच आरमारप्रमुखाने पूर्व किनाऱ्यावर आणि सिंहलद्वीपाच्या आसपास इंग्रज आरमारप्रमुख ह्यूजशी एकामागून एक लढाया दिल्या आणि ऑगस्टमध्ये त्रिंकोमाली घेतले. लढवय्या म्हणून तो ह्यूजपेक्षा सरस होता, असे माझे मत आहे. पण वाऱ्याची दिशा बदलताच ह्यूज डागडुजीसाठी मुंबईला आला आणि सुफ्राँला त्याच कामासाठी पार सुमात्राच्या टोकाला, अचिनला जावे लागले. ल्युबिनने चौलच का मागितले असेल, हे या प्रसंगावरून नीट समजते. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांकडे माहे सोडून नाव घेण्याजोगे ठाणे नव्हते, आणि माहेचे बंदर मोठ्या आरमाराच्या उपयोगाचे नव्हते. मागणी लबाडीची नव्हती. ती मान्य केल्याशिवाय मदत येणे कठीण होते, आणि मान्य केली असती तर मुंबईच्या दक्षिणेला काही तासांच्या अंतरावर आणखी एक टोपीकर (युरोपीय) कायमचा बसला असता.

तारखाही पाहाव्यात. अमेरिकेवरून युद्ध पेटल्याची बातमी कलकत्त्याला जुलै १७७८ मध्ये आली आणि इंग्रजांनी लगेच बंगालमधले फ्रेंचांचे ठाणे चंद्रनगर घेतले. ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरी पडली, पुढच्या मार्चमध्ये माहे. वडगावची लढाई झाली तेव्हा हिंदुस्थानात मदत पाठवण्याजोगा फ्रान्सच उरला नव्हता. सुफ्राँ फेब्रुवारी १७८२ मध्ये आला तो पूर्व किनाऱ्यावर, हैदरच्या बाजूला. आणि १७ मे रोजी महादजींनी सालबाईला इंग्रजांशी तह केला. फ्रेंच सेनापती बुसी फौज घेऊन कडलूरजवळ मार्च १७८३ मध्ये उतरला, तेव्हा हैदरही हयात नव्हता.

मोडीचा विद्यार्थी

माझगावच्या वाचकांनी समुद्राचे उत्तम सांगितले. नाना फसले काय, या मुद्द्यावर मला थोडे लिहायचे आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (राज्यकारभारावरील ग्रंथात) टोपीकर सावकारांविषयी जे प्रकरण आहे, त्यात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) आणि डिंगमार (डेन) यांचा एकत्र उल्लेख येतो आणि एक फार मार्मिक निरीक्षण केलेले आहे : हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत, कारण यांच्या प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे. म्हणून त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, किल्ला बांधू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. ही शहाणीव पुणे दरबारात मुरलेली होती. नानांनी ल्युबिनला आदराने वागवले, इंग्रज वकिलाला ते दिसेल अशी व्यवस्था केली, पण चौल त्याच्या हवाली केले नाही आणि १७७८ मध्ये त्याची रवानगी केली. फसलेला माणूस असे वागत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे नानांना फ्रेंच पलटणींपेक्षा फ्रेंच पलटणी येतील ही इंग्रजांची धास्ती हवी होती. रघुनाथरावांना मुंबईकर इंग्रजांनी पंखाखाली घेतले असताना पुण्याजवळ उलट दाब देण्याचे दुसरे साधन नव्हते.

मात्र ही धास्ती दुधारी ठरली, आणि येथे मला नानांच्या धोरणाची मर्यादा दिसते. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे फौज धाडली, तिच्या समर्थनार्थ त्याने पुण्यातल्या फ्रेंच कारस्थानाचाच हवाला दिला. हीच फौज पुढे गॉडर्डच्या हाताखाली गुजरातेत उतरली आणि तिने १७८० मध्ये वसई घेतली. फ्रान्सकडून पुण्याला तोफेचा एक गोळाही मिळाला नाही, पण फ्रान्सच्या नावाने आलेली इंग्रज फौज मात्र खरी होती. सालबाईच्या तहातही पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून अन्य युरोपीयांना नवीन वखारी घालू देऊ नयेत, असे कलम आले, ते फरासिसांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

साष्टीकर

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. चौलचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. चौलजवळच्या रेवदंड्याच्या किल्ल्यात आम्ही अनेकदा गेलो आहोत, पण तेथून मुंबई किती जवळ आहे हे एखाद्या आरमारी माणसाच्या नजरेने कधी पाहिले नव्हते. आज्ञापत्राच्या संदर्भामुळे माझ्या दुसऱ्या प्रश्नाला अधिक धार आली आहे. टोपीकराच्या मागे राजा असतो, ही कसोटी मानली तर शिंद्यांच्या पदरच्या डी बॉइन आणि पेरॉन यांच्या मागे फ्रान्सचा राजा होता काय?

कवायती पलटण

नव्हता, आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने आपल्या इतिहासलेखनात बराच गोंधळ झालेला आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दोन प्रकारचे फ्रेंच वेगळे काढले पाहिजेत. बुसी १७५० च्या दशकात निजामाकडे होता, तो फ्रेंच कंपनीचा अधिकारी म्हणून. त्याच्या कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला, उदगीरला आणि पानिपतावर लढला. गारदी हा शब्दही ‘गार्द’ या फ्रेंच शब्दावरून आला असे अनेकांचे मत आहे. डी बॉइनची गोष्ट निराळी आहे. तो फ्रान्सच्या आयरिश पलटणीत होता, नंतर रशियाच्या चाकरीत तुर्कांविरुद्ध लढला, पुढे मद्रासला इंग्रज कंपनीकडे राहिला आणि १७८४ मध्ये महादजींकडे आला. राजपुतान्यातील पाटण आणि मेडता या १७९० मधील दोन लढायांत त्याच्या पलटणींनी राजपूत घोडदळाचा मोड केला. इंग्रजांशी लढणार नाही, अशी अट त्याने चाकरी धरतानाच घातली होती. फ्रान्सचा हस्तक असे कधी करील काय?

त्याहून बोलका पुरावा १७९३ च्या लाखेरीच्या लढाईचा आहे. एका बाजूला शिंद्यांची डी बॉइनने घडवलेली फौज, दुसऱ्या बाजूला तुकोजी होळकरांच्या पलटणी आणि त्यांचा मुख्य द्युद्रनेक हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला सरदार. फ्रेंच कवायतीच्या दोन मराठी फौजांनी एकमेकींचा संहार केला आणि होळकरांच्या पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. या लढाईविषयी वाचताना मला आजही वाईट वाटते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झालेला होता. म्हणजे राजा पाठीशी असण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

डी बॉइन १७९५ च्या अखेरीस निघून गेला आणि पेरॉन त्याच्या जागी आला. दोआबातला मोठा मुलूख पलटणींच्या खर्चासाठी त्याच्या हाती होता. गव्हर्नर जनरल वेलस्ली याला त्यात यमुनेकाठचे फ्रेंच राज्य दिसू लागले. त्याची भीती सर्वस्वी बनावट होती असे मी म्हणणार नाही. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता, मॉरिशसच्या गव्हर्नराने टिपूच्या मदतीसाठी स्वयंसेवक हवे असल्याचा जाहीरनामा काढला होता, आणि जुलै १८०३ मध्ये इंग्रज-फ्रेंचांमधील आमियाँच्या तहानुसार पाँडिचेरी परत घेण्यासाठी फ्रेंच जहाजे खरोखर येऊन थडकली होती. इंग्रजांनी ताबा दिला नाही आणि ती मॉरिशसला गेली. पण हा खरा फ्रान्स आणि पेरॉन यांचा सांधा कोठे जुळत नाही. इंग्रज-शिंदे युद्ध सुरू होताच सप्टेंबर १८०३ च्या आरंभी पेरॉन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अलीगड ४ सप्टेंबरला पडले, ११ तारखेला दिल्लीजवळ शिंद्यांच्या पदरचा फ्रेंच अंमलदार बुर्किन हरला आणि तोही शरण गेला. १ नोव्हेंबरला लासवारीला ज्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांचे गोरे अंमलदार सोडून गेलेले होते. तेथे शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळच कापले गेले आणि विजयी सेनापती लेकलाही त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. माझ्या लेखी शिंद्यांच्या कवायती फौजेचे खरे नाव त्या गोलंदाजांचे आहे. अंमलदारांच्या नावांनी पाने भरली जातात आणि या माणसांची नावेही आपल्यापाशी नाहीत.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी कोणाही फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी युद्ध असलेल्या अन्य युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनाला, चाकरीत ठेवू नये असे कलम घातले गेले. म्हणजे १७७८ प्रमाणेच १८०३ मध्येही फ्रान्स मराठ्यांच्या बाजूने रणात नव्हता, आणि इंग्रजांच्या कागदांत मात्र तो दोन्ही वेळा होता.

मोडीचा विद्यार्थी

वरील उत्तरात एक लहानशी भर घालतो. डी बॉइनला फ्रेंच म्हणतानाही थोडे थांबले पाहिजे. त्याचा जन्म १७५१ मध्ये शाँबेरीला झाला, आणि हे गाव तेव्हा सार्डिनियाच्या राजाच्या सव्हॉय प्रांतात होते; फ्रान्समध्ये ते कायमचे सामील झाले १८६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. हिंदुस्थानातून नेलेल्या संपत्तीपैकी मोठा वाटा त्याने त्या गावाला दिला, म्हणून गावकऱ्यांनी १८३८ मध्ये त्याचे स्मारक उभारले. ते एक कारंजे आहे : स्तंभावर डी बॉइनचा पुतळा आणि खाली चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती, ज्यांच्या सोंडांतून पाणी पडते. शिंद्यांच्या छावणीतले हत्ती असे आल्प्सच्या पायथ्याशी आजही उभे आहेत.