टी-बेल्टचा दिवा आणि वॉटर पंप

जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा (म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या रबरी टायमिंग बेल्टचा) दिवा लागेपर्यंत बेल्टवर खर्च करायची गरज नाही, असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. तो दिवा बेल्ट तपासत नाही, नुसते किलोमीटर मोजतो. शिवाय बेल्ट न बदलताही रीसेट होतो, म्हणजे सेकंडहँड गाडीत त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा! आमच्या रत्नागिरीकडे कितीतरी गाड्या गणपती-शिमग्यापुरत्याच बाहेर निघतात. काटा हलत नाही, रबराचं वय मात्र वाढतंच. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलूनच टाकावा.

आता पैशाचं. 'बेल्टसोबत वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) बदलाच' हा सल्ला, पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तिथे बरोबर आहे, कारण खोलायची मजुरी एकदाच पडते. पण इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. गळत नसेल तर राहू दे की. ते पैसे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) यांच्यावर घाला. आमचा मिस्त्री जुना आयडलर बोटावर फिरवून कानाशी धरतो, घरघर आली की बाद. आणि काढलेला जुना माल मागून घ्या, काही न बदलता नुसतं बिल लावणारेही असतात.