ग्रॅनाइटच्या भेगांत जुन्या जिवाणूंच्या खुणा: त्या ओळखतात कशा?

निळीशाई:
मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे, भूशास्त्र केवळ आवडीने वाचते. शेकडो मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्याचं वाचलं आणि तिथेच अडले. ग्रॅनाइट तर शिलारस थंड होऊन बनतो. त्या उकळत्या रसात कोण जगणार? आणि पेशी उरलेलीच नसेल, तर तिथे जीव होता, नुसती रासायनिक क्रिया नव्हती, हे ठरवतात कशावरून? शिंपल्यासारखा ठसा तर मिळत नसणार.

खडकवाचक:
खडक बनताना त्यात कोणीच नव्हतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. जीव आले फार नंतर. खडक थंड झाला, तडकला, भेगांत पाणी उतरलं आणि पाण्याबरोबर जिवाणू. म्हणून खडकाचं वय आणि भेगेतल्या खनिजाचं वय कधीही एक समजू नका. स्वीडनमधल्या लाक्सेमारचा ग्रॅनाइट सुमारे १८० कोटी वर्षांचा आहे, पण त्याच्या भेगांतली जी पुटं जिवाणूंबद्दल सांगतात ती त्याहून कितीतरी तरुण आहेत.

मी बारा वर्षं ड्रिलिंगचे कोअर, म्हणजे छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंडगोल, तपासतोय. भेग आली की कोअर बहुतेक तिथेच तुटतो. तुटलेल्या तोंडावर नखाएवढ्या जागेत पांढरे कॅल्साइटचे (चुनखडीचं खनिज) स्फटिक असतात, त्यांच्यामध्ये पायराइटचे (लोह आणि गंधकाचं खनिज) पिवळे चकचकीत दाणे. सुरुवातीची काही वर्षं मी नोंदवहीत ‘भेग, कॅल्साइटचं पूट’ एवढंच लिहून पुढचा बॉक्स ओढायचो. आता तिथेच सगळ्यात जास्त वेळ बसतो.

ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात काही जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ते पाण्यातल्या लोहाशी जुळलं की शेवटी पायराइट बनतं. सल्फेटमधल्या गंधकाचे ३२ आणि ३४ असे दोन मुख्य समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचे अणू, असतात. हलक्या ३२चा बंध तोडायला कमी ऊर्जा लागते, म्हणून जिवाणू आधी तो वापरतात. आता भेग बंद आहे असं समजा. नवं सल्फेट येत नाही, हलकं गंधक आधी खर्च होतं, उरलेलं जड होत जातं. पायराइटचा दाणा मात्र थरावर थर चढवत वाढतच असतो. मग त्याचा गाभा हलका, कडा जड. दाणा मधोमध घासून आयन प्रोबने (आयनांचा झोत मारून समस्थानिक मोजणारं यंत्र) काही मायक्रॉनच्या ठिपक्यांवर मोजत गेलं, की ती चढण आकड्यांत दिसते. लाक्सेमारच्या पायराइटमध्ये जड गंधकाचं हलक्याशी प्रमाण दाखवणारं मूल्य ठरावीक संदर्भ-नमुन्याच्या तुलनेत दर हजारी अधिक १३०च्याही पुढे गेलेलं आहे. एवढ्याशा दाण्यात एका वसाहतीचा अन्नसाठा संपत गेल्याची नोंद राहते, आणि मला अजूनही ती दरवेळी नव्याने थक्क करते.

कॅल्साइटची गोष्ट कार्बनची. जड-हलक्या कार्बनचं असंच दर हजारी मूल्य काढतात, उणे म्हणजे हलकं. समुद्री चुनखडीत ते शून्याच्या आसपास असतं, बहुतेक झाडांत उणे २५च्या जवळपास. स्वीडनच्याच भेगांतल्या कॅल्साइटमध्ये ते उणे १२५ निघालं, २०१५ साली प्रसिद्ध झालं. आधी एका गटाच्या सूक्ष्मजीवांनी अतिशय हलका मिथेन बनवला, मग दुसऱ्यांनी तो खाल्ला, आणि तो कार्बन कॅल्साइटमध्ये अडकला.

सूक्ष्मदर्शी:
पण सल्फेट नुसत्या उष्णतेनेही सल्फाइड होतं ना? शिवाय ड्रिलिंगच्या पाण्यातून आजचे जिवाणू खाली जातात, त्याचं काय?

खडकवाचक:
दोन्ही शंका घ्यायलाच हव्यात. उष्णतेची क्रिया साधारण १०० अंशांच्या वर चालते. कॅल्साइट वाढताना त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. थेंबात बुडबुडा नसेल, सगळं द्रवच असेल, तर स्फटिक कमी तापमानाला, साधारण ५० अंशांच्या आत वाढला. म्हणून समस्थानिक आणि थेंब, दोन्ही एकाच दाण्यातून तपासायचे. ड्रिलिंगच्या पाण्याची भीती जिवंत जिवाणू शोधताना खरी. स्फटिकाच्या आतल्या थरात ते पाणी शिरत नाही, आणि मला या पुराव्याचं मोल तिथेच वाटतं.

नुसत्या आकारावर मात्र मी विश्वास ठेवणार नाही. लाक्सेमारला ७४० मीटरवर बुरशीचे तंतू मिळाले आहेत, काही अर्धवट खनिज झालेले. पण तंतूंसारखे आकार निर्जीव खनिजंही घेतात. शेजारी रासायनिक खूण हवीच.

निळीशाई:
कळलं, धन्यवाद सर. सूर्यप्रकाशच नाही, मग ऊर्जा कुठून?

सूक्ष्मदर्शी:
बऱ्याच ठिकाणी हायड्रोजनमधून. खडकातल्या युरेनियम-थोरियमचं किरणोत्सर्जन पाण्याचे रेणू तोडतं, त्यातून हायड्रोजन सुटतो. दक्षिण आफ्रिकेच्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल पाण्यात जवळपास एकाच जातीचे जिवाणू मिळाले, २००८ साली ते जाहीर झालं. तेही सल्फेटवरच जगतात.

खडकवाचक:
अगदी. आणि निळीशाई, पुढे कधी कोअर हाताळायला मिळाला तर एक लक्षात ठेवा. कॅल्साइट आहे का हे बघायला पातळ आम्लाचा थेंब टाकून फसफस पाहायची आमच्यात सवय असते. भेगेच्या तोंडावर तो टाकू नका. तो नेमकं तेच पूट खातो. मी सुईच्या टोकाने हलकेच ओरखडून बघतो, कॅल्साइट लगेच ओरखडतं, क्वार्ट्झ नाही. तेही एका कडेला, बाकीचं तोंड न धुता गुंडाळून ठेवतो.