फॅक्टरी आउटलेटमधील माल आणि शोरूममधील माल एकच असतो का?

कर्वेनगरवासी:
नमस्कार. दिवाळीपूर्वी घरच्यांसाठी कपडे आणि वडिलांसाठी चालण्याचे बूट घ्यायचे आहेत. पुण्यात नगर रस्त्याकडील एका फॅक्टरी आउटलेटमध्ये 60 टक्के सवलतीची पाटी पाहिली. तेथील चौकडीचा शर्ट हातात घेतला, तेव्हा खिशावरच्या चौकटी अंगावरच्या चौकटींशी जुळत नव्हत्या आणि आतल्या शिवणीला जादा बटण लावलेले नव्हते. याच ब्रँडचा लक्ष्मी रस्त्यावर घेतलेला शर्ट घरी आहे, त्यात या दोन्ही गोष्टी व्यवस्थित आहेत. छापील किंमत मात्र जवळपास सारखीच होती. मग ही सवलत खरी मानावी का, आणि खरेदी करताना नेमके काय पाहावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

धागादोरा:
तयार कपड्यांच्या व्यवसायात अनेक वर्षे काढल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आउटलेटमध्ये माल मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट उरलेल्या मालाची. शोरूममधील हंगामअखेरचे सेल साधारणपणे जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत लागतात, आणि त्यातूनही जे विकले जात नाही ते आउटलेटला पाठवले जाते. हा माल अस्सल शोरूमचाच असतो, फक्त मधले साइझ आधीच संपलेले असतात आणि फार लहान किंवा फार मोठे तेवढे शिल्लक राहतात. दुसरी वाट सेकंड्सची, म्हणजे रंगात, विणीत किंवा शिलाईत किरकोळ दोष असलेल्या मालाची; अशा कपड्याचे लेबल बहुधा कापलेले किंवा त्यावर शिक्का मारलेला असतो. तिसरी वाट ग्राहकांना फारशी ठाऊक नसते. काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळाच माल बनवून घेतात, ज्याचे कापड हलके असते आणि शिलाईतील कष्ट कमी केलेले असतात.

आपण पाहिलेला शर्ट या तिसऱ्या प्रकारातला असावा, असे मला वाटते. चौकटी जुळवायच्या म्हटल्या की कापड जास्त लागते आणि कटिंगला वेळही जातो, त्यामुळे खर्च वाचवताना पहिली कात्री तेथेच लागते. असा शर्ट वाईट असतोच असे नाही, रोजच्या कार्यालयीन वापराला तो चांगला चालतो. परंतु तो त्या छापील किमतीला शोरूममध्ये कधीच विकला गेलेला नसेल, तर 60 टक्के हा आकडा कशाशी तुलना करून आला, हा प्रश्न उरतोच. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवावी, कपडा उलटा करून शिवण, काज आणि कॉलर पाहावी, आणि पाटी नसती तर या कपड्याला आपण किती पैसे दिले असते ते मनाशी ठरवावे.

पेठेतला ग्राहक:
बिलाविषयी लिहितो, कारण तेथे लोक फार सहज सोडून देतात. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यामुळे सवलत वजा केल्यानंतरच्या रकमेवर पुन्हा कर लावणे योग्य नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्ये, व्हॅटच्या काळातील एका प्रकरणात, याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे. बिलात जीएसटीची फोड दाखवलेली असणे वेगळे आणि तो वर जोडलेला असणे वेगळे, हे काउंटरवरच तपासावे. ‘माल परत घेतला जाणार नाही’ असे दुकानात लिहिलेले असले, तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिलावर मुदत नसेल, तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. अर्थात दोष आधी सांगूनच सेकंड्स विकले असतील, तर त्याच दोषाबद्दल तक्रार टिकणे कठीण. दुकानदार ऐकत नसल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ज्या शहरात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथे तरी आपण बिल न वाचता बाहेर पडू नये, असे मला मनापासून वाटते.

टेकडीवरची पायवाट:
वडिलांच्या बुटांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. बुटांच्या बाबतीत उरलेला माल अस्सल असूनही धोक्याचा असू शकतो, कारण पॉलियुरेथेनचा सोल न वापरतादेखील हवेतील दमटपणाने हळूहळू कमकुवत होतो आणि गोदामात काही वर्षे पडून राहिलेला बूट थोड्याच दिवसांत तळाशी भुगा होऊन सुटू लागतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे; काही कंपन्या जिभेच्या आतील लेबलवरही तारीख छापतात. फार जुना बूट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. सोल अंगठ्याने दाबून पाहावा, बूट वाकवून कडेला बारीक भेगा दिसतात का आणि चिकटवलेला भाग सुटतो आहे का तेही पाहावे. पाय संध्याकाळी किंचित सुजतात, म्हणून मापही त्याच वेळी घ्यावे. आउटलेटचा माल बऱ्याचदा त्याच दुकानात बदलून मिळतो, शहरातल्या शोरूममध्ये नाही. कर्वेनगरहून पुन्हा नगर रस्ता गाठण्यापेक्षा वडिलांना सोबतच घेऊन जावे.