पानांचे ठसे असलेली डेनिम जीन्स: माप कसं बघायचं, धुवायची कशी?

अबोली_रंग:
१०० टक्के सुती डेनिमची जीन्स ऑनलाइन बघून ठेवली आहे. मूळ रंग फिकट नीळ, त्यावर साग आणि निलगिरीच्या पानांचे ठसे. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) वापरलंय. टॅगवर ३० आहे, विक्रेता म्हणतो सपाट ठेवून कंबर साडेपंधरा इंच. माझी कंबर ३१, सीट (नितंबाचा घेर) ३८. आटेल म्हणून एक साइज मोठी घ्यावी का? आणि पहिल्या धुण्यात मीठ-व्हिनेगर घालून रंग पक्का करतात ते बरोबर आहे का? घरी बोअरचं पाणी आहे.

कातरकाम:
टॅगचा आकडा सोडून द्या. साडेपंधरा म्हणजे गोल ३१, कंबर जुळतेय. खरी अडचण सीटला येते. लायक्रा नसलेल्या डेनिमला अंगाच्या मापापेक्षा दीड-दोन इंच जास्त लागतात, म्हणजे सपाट पावणेवीस ते वीस. अंगाला नीट बसणारी, न ताणणारी एक जुनी जीन्स बटण लावून टेबलावर पसरा. कंबर, सीट, मांडी, पुढची उंची (जांघेच्या जोडापासून कमरेपर्यंत), इनसीम (जांघेपासून तळापर्यंतची आतली शिवण) मोजा आणि हेच आकडे विक्रेत्याकडून इंचात मागवा. कंबर वापराने थोडी सैल होते, उंची नाही.

आटण्याचं म्हणाल तर, छपाईआधी कापड धुण्याच्या सोड्यात उकळतात, मग पानं मांडून गुंडाळी बांधतात आणि दीड-दोन तास वाफ देतात. अख्खं कापड किंवा अख्खी जीन्स यातून गेली असेल तर बहुतेक आटणं होऊन गेलेलं असतं. मोठी घेऊ नका.

फक्त खिसे किंवा मागचा तुकडा छापून बाकी गिरणीचं कोरं डेनिम जोडलं असेल तर मात्र सावध. सॅन्फोराइज्ड (गिरणीतच आधी आटवून घेतलेलं) कापड ३ टक्क्यांच्या आत आटतं, ३० इंची इनसीमवर इंचाहून कमी. सॅन्फोराइज न केलेलं ८-१० टक्के, म्हणजे अडीच-तीन इंच, आणि तेही जास्त करून लांबीत. मग जोडावर चुण्या पडतात आणि इस्त्रीने त्या जात नाहीत. शंका असेल तर तळाची दुमड दोन धुण्यांनंतरच शिवून घ्या.

हिरडा:
व्हिनेगर अजिबात नको! ठशातला काळा-करडा रंग म्हणजे हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि हिराकसातलं लोह यांची शाई. आम्ल ती शाई फोडतं. लिंबू, चिंच, कोकम, सगळ्यांचं तेच. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या आम्लरंगांना उपयोगी पडतं, तिथून हा सल्ला इकडे आला असावा. मिठाचा उपयोग काही रंग चढवताना होतो, चढलेला रंग धरून ठेवायला नाही.

धुण्याची पावडरही टाळा. तिच्यात सोडा असतो, वर कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं. अर्धी बादली गार पाणी, लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड एक चमचा, जीन्स उलटी करून पाच-दहा मिनिटं हलवा. भिजत ठेवू नका, ब्रश आणि साबणाची वडी लांब ठेवा. ओली असताना घडी किंवा पिळा करून टाकली तर एका बाजूचं लोह दुसरीकडे उमटतं.

वाळत घालताना नायलॉनची दोरी, सावली, उलटी बाजू. गंजक्या तारेवर टाकलीत तर कापडातलं टॅनिन तो गंज पकडतं आणि आडवी काळी रेघ उमटते. ती कायमची समजा.

नीळकंठी:
नीळ धाग्याच्या वरच्या थरात बसते, आत फारशी जात नाही. त्यामुळे घासली की सुटणारच, तो दोष नव्हे. आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं घासून बघा. गडद निळं झालं तर सुरुवातीला फिकट कुर्ता किंवा पांढऱ्या सोफ्याशी गाठ घालू नका. बोअरचं म्हणाल तर बादलीला तांबूस थर धरतो का बघा. धरत असेल तर पाण्यात लोह आहे. तुमच्या गडद ठशांना फरक पडणार नाही, झेंडूच्या पिवळ्याला पडला असता.

अबोली_रंग:
आणि लिंबू सांडलंच तर?

हिरडा:
लगेच भरपूर साध्या पाण्याखाली धरा. डाग फिकट पडूनच गेला असेल तर कडक कोरा चहा ब्रशने लावून वाळवा, मग लिटरभर पाण्यात १ ग्रॅम हिराकस विरघळवून हलक्या हाताने टेकवा आणि धुवा. रंग हवेत हळूहळू गडद होतो, घाईने दुसरा हात देऊ नका. आधी आतल्या शिवणीवर करून बघा. कडेला वलय राहण्याची शक्यता आहे. हिराकस जास्त झालं तर तिथलं सूत पुढे कमजोर होऊन फाटतं.