वडीलधाऱ्यांना घेऊन अलास्काची क्रूझ : सिएटलहून जावे की व्हँकुव्हरहून?

कृष्णाकाठ

सप्रेम नमस्कार. माझे आईवडील येत्या एप्रिलमध्ये सांगलीहून आमच्याकडे सनीव्हेलला येत असून ते ऑगस्टअखेरपर्यंत राहणार आहेत. या काळात त्यांना अलास्काची सात रात्रींची क्रूझ घडवावी, असा आम्हा उभयतांचा विचार आहे. वडिलांचे वय ७४ आहे आणि गुडघ्यांमुळे त्यांना सलग फार चालवत नाही, जिने तर नकोच असतात. आईला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते, शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. आम्ही दोघे ग्रीन कार्डधारक असून आमचे पासपोर्ट भारतीयच आहेत.

जहाजांची जाहिरातपत्रके वाचून गोंधळ वाढलाच आहे. सिएटलहून निघणारी जहाजे, व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे आणि आमच्या घराजवळच्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघणारीही काही, असे तीन पर्याय दिसतात आणि तिन्हींच्या वेळापत्रकांत बंदरांची नावे जवळपास तीच आहेत. मग बंदर निवडताना नेमके काय पाहावे? आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागेल का? आणि ज्यांना फार चालता येत नाही, त्यांना या सहलीत खरोखर काही पाहायला मिळते की आठवडाभर जेवण आणि पत्ते एवढेच हाती लागते?

उत्तरवारा

आम्ही व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीला राहतो, त्यामुळे माझे मत व्हँकुव्हरच्या बाजूने झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

बंदरांची नावे सारखी असली तरी जहाजाचा मार्ग सारखा नसतो, आणि वयस्कर माणसे बरोबर असताना जहाज कोणते यापेक्षा ते कोणत्या पाण्यातून जाते हे आधी पाहावे. व्हँकुव्हरहून निघालेले जहाज व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद, दोन्हीकडून डोंगरांनी झाकलेल्या जलमार्गाने उत्तरेकडे जाते. तिथे पाणी बहुतेक वेळा इतके स्थिर असते की, पेल्यातला चहाही हलत नाही. या वाटेवर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी लागते आणि तिथला प्रवाह एवढा जोरदार असतो की, मोठी जहाजे भरती-ओहोटीमधला संथ वेळ साधूनच ती ओलांडतात. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता आणि त्याने अनेक जहाजे बुडवली होती. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवला गेला. हे थोडे विषयांतर झाले, पण वडिलांना अशा गोष्टींत रस असेल तर त्यांना जरूर सांगावे.

सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजे मात्र व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. दर वेळी समुद्र खवळलेला असतो असे नव्हे, परंतु ज्यांना बोट लागते त्यांना पहिला पूर्ण दिवस जड जाऊ शकतो. सॅन फ्रान्सिस्कोहून विमानप्रवास वाचतो हे खरे असले, तरी ती सहल दहा-अकरा रात्रींची असते आणि जाता-येता दोन्ही वेळा उघड्या समुद्रातले दिवस वाट्याला येतात. तुमच्या घरून ती सर्वांत सोयीची वाटेल, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या जहाजावर तोल सावरत चालावे लागणे ही सोय नव्हे.

आणखी एक सुचवतो. वेळापत्रकात हिमनदीसाठी कोणती जागा दिली आहे, ते नीट पाहावे. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान असून तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. त्यामुळे ही जागा सर्व कंपन्यांच्या सर्व सहलींत नसते. ती ज्या सहलीत असेल, ती थोडी महाग पडली तरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्काम पोस्ट सिएटल

व्हिसाबद्दल आधी सांगतो, कारण तो वेळेत झाला नाही तर बाकीची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

तुमच्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि जहाज सिएटलहून निघो वा सॅन फ्रान्सिस्कोहून, तो लागेलच. याचे मूळ अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यात आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत एकाही परदेशी बंदराला न थांबता त्यांना अमेरिकेतच उतरवणे, या कायद्यानुसार चालत नाही. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असल्याने सिएटलच्या सहलींत कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराचा मुक्काम घातलेला असतो, आणि पुष्कळदा तो शेवटच्या संध्याकाळी काही तासांपुरताच असतो. २०२१ साली कॅनडाने साथीमुळे आपली बंदरे क्रूझ जहाजांना बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेच्या संसदेला या अटीतून तात्पुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला होता. "आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही" असे सांगून व्हिसा टळत नाही, कारण वेळापत्रकातल्या प्रत्येक देशाची कागदपत्रे जहाजावर चढतानाच तपासली जातात.

तुम्हा दोघांचा प्रश्न वेगळा आहे. ग्रीन कार्डधारकांना वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवून कॅनडात जाता येते. आपल्याला लागत नाही म्हणून आईवडिलांनाही लागणार नाही, असा समज इथे अनेकांचा असतो. काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेचा व्हिसा असल्यास कॅनडाला विमानाने जाण्यासाठी केवळ ऑनलाइन परवानगी पुरते, परंतु भारत त्या यादीत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका एजंटाने "अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झाले" असे ठामपणे सांगितले होते. परिणामी दोन्ही म्हाताऱ्या माणसांना धक्क्यावरूनच परतावे लागले आणि भरलेल्या पैशांतले फारसे काही हाती आले नाही.

कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज आईवडिलांनी भारतातूनच, निघण्याच्या पुष्कळ आधी करावा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, मात्र एकदा दिलेले ठसे दहा वर्षे चालतात. व्हिसा पासपोर्टवर चिकटवला जात असल्याने पासपोर्ट काही काळ हातातून जातो, आणि तो इथे आल्यावर जाण्यापेक्षा तिथे असताना गेलेला बरा. त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, हेही पाहून घ्या. दहा वर्षांच्या व्हिसावर ती सहसा असते. कॅनडाला जाऊन आल्याने अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत नव्याने मोजली जाईल, असे मात्र गृहीत धरू नये.

उत्तरवारा यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. सनीव्हेलहून सिएटलचे विमान देशांतर्गत असते, एक विमानतळावरची तपासणी वाचते आणि चाकाच्या खुर्चीची सोय दोन्ही टोकांना सहज होते. व्हँकुव्हरला कॅनडात उतरताना तपासणी होते आणि कॅनडा प्लेसच्या धक्क्यावर जहाजावर चढण्यापूर्वी अमेरिकेची तपासणी पुन्हा होते. गर्दीच्या दिवशी ती रांग लांबलचक असते. बोट लागण्याचा त्रास नसेल तर सिएटल त्याज्य ठरवू नये.

सांजवेळ

आईंच्या खाण्यापिण्याची काळजी करू नका, पण आधी कळवायला विसरू नका. आरक्षण करतानाच "भारतीय शाकाहारी" अशी नोंद करावी आणि जहाजावर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला भेटून अंडे चालत नाही हे स्वतंत्रपणे सांगावे, कारण तिकडच्या समजुतीप्रमाणे शाकाहारात अंडे बसते. त्यानंतर तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पदार्थ दाखवून आवडनिवड विचारतो. क्रूझ जहाजांवर गोव्याची माणसे मोठ्या संख्येने असतात. आमच्या टेबलावरचा वाढपी मडगावचा निघाला. सासूबाईंनी त्याला साधे पिवळे वरण कसे असते ते समजावून सांगितले, तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी हिंग-जिऱ्याची फोडणी घातलेले वरण, भात आणि लिंबाची फोड असा वाडगा निमूटपणे आणून ठेवला. इतरांच्या पानात त्या वेळी सामन मासा होता, आणि वाडग्याकडे बघणारे तेच जास्त होते.

घरून चिवडा, खाकरा असे बंद पाकिटातले कोरडे पदार्थ न्यावेत. विजेची किटली किंवा छोटा कुकर मात्र नेऊ नये. आगीच्या भीतीने अशी उपकरणे जहाजावर चालत नाहीत आणि सामान तपासताना काढून घेतली जातात. फळे जहाजावरून बंदरावर नेणेही टाळावे.

इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी यायला काही वेळा संध्याकाळ उजाडते. केबिनमधले छोटे कपाट पुष्कळदा नुसते गारवा देते, त्याला खरा फ्रिज म्हणता येत नाही. म्हणून इन्सुलिनसाठी फ्रिज हवा असे आधीच लिहून कळवावे.

विम्याबद्दल एवढेच सांगते की, भारतातून काढलेला किंवा इथे पाहुण्यांसाठी घेतलेला विमा जहाजावर, कॅनडाच्या हद्दीत आणि आधीपासून असलेल्या आजारांना लागू आहे का, हे पॉलिसीत वाचून खात्री करावी. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल खासगी रुग्णालयासारखे येते, आणि रुग्णाला विमानाने हलवावे लागले तर खर्चाचा आकडा फार मोठा होतो. त्यामुळे रुग्णवाहतुकीचे कलम अवश्य पाहावे. तिकिटाच्या रकमेत नसलेली बक्षिसी माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर या हिशेबाने आपोआप खात्यावर पडते, तीही अंदाजपत्रकात धरावी. फोन जहाजाच्या नेटवर्कला जोडला गेला तर येणारे बिल वेगळेच, म्हणून चौघांचेही फोन विमान-मोडवर ठेवावेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅनडाच्या व्हिसाचे काम आजच आईवडिलांना सांगितले. त्यांना बोट लागण्याचा त्रास आहे असे आईकडून कळले (एलिफंटाला जाताना झाला होता म्हणे), त्यामुळे आम्ही व्हँकुव्हरकडे वळतो आहोत. आता दोनच शंका उरल्या. वडिलांना न चालता काय काय पाहता येईल, आणि बाल्कनीच्या केबिनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

दीपस्तंभ

हिमनदीचा दिवस हाच तुमच्या वडिलांचा दिवस आहे, कारण त्या दिवशी कोणालाच जहाजातून उतरायचे नसते. ग्लेशियर बेमध्ये सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या नावेतून येऊन जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७५० च्या सुमारास हा संपूर्ण उपसागर बर्फाखाली होता आणि हिमनदी थेट मुखापर्यंत आलेली होती. आज जहाजाला मार्जरी हिमनदी गाठण्यासाठी आत शंभर किलोमीटरच्या आसपास जावे लागते, म्हणजे तेवढा सगळा प्रवास तिथून वितळून गेलेल्या बर्फाच्या जागेवरून होतो. मार्जरीच्या कड्यासमोर जहाज थांबते आणि सावकाश स्वतःभोवती फिरते, त्यामुळे कोणत्याही बाजूची केबिन असली तरी दृश्य समोर येते. निळसर कड्यातून बर्फाचा तुकडा सुटलेला आधी दिसतो. तो पाण्यात पडून फवारा उडतो आणि मग कुठे गडगडाट ऐकू येतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला नुसत्या लाटाच दिसतात, म्हणून वडिलांना एका भेगेवर नजर ठेवून बसायला सांगावे.

बाल्कनीचे पैसे एरवी मी वाया समजतो. अलास्कात, आणि त्यातही गुडघ्यांची तक्रार असताना, ते सार्थकी लागतात. डेकवर वारा बोचरा असतो, कठड्याशी गर्दी असते आणि बसायला जागा नसते. बाल्कनीत शाल पांघरून, खुर्चीत बसून तासन्‌तास पाहता येते. केबिन मात्र जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. पैसे वाचवायचेच असतील तर आईवडिलांना बाल्कनी द्यावी आणि तुम्ही आतली केबिन घ्यावी. दिवसभर तुम्ही त्यांच्याकडेच असणार आहात.

वाटेतल्या स्कॅगवे बंदरावरून व्हाइट पास रेल्वेने जावे. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोने सापडल्यानंतर उसळलेल्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० या काळात ही तीन फुटी रुळांची गाडी बांधली गेली. त्याआधी माणसे त्याच डोंगरातून वर्षभराचा शिधा पाठीवर वाहत चढली होती, कारण कॅनडाचे पोलीस त्याशिवाय पुढे सोडत नसत. गाडी साधारण ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर उंचीवरच्या खिंडीत पोहोचते आणि परत येते, सगळे बसल्या जागी. जाताना डाव्या बाजूला बसावे. आरक्षण करताना पायऱ्यांचा त्रास सांगितला, तर उचलयंत्र असलेला डबा मिळू शकतो.

जुनोला मेंडेनहॉल हिमनदी गावापासून बसने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. ती झपाट्याने मागे सरकते आहे, तरीही माहिती केंद्राजवळच्या सपाट, डांबरी पायवाटेवरून ती दिसते. धबधब्यापर्यंतची वाट लांब असल्याने तुम्ही जाऊन या आणि वडिलांना केंद्रातच बसू द्या. देवमासे पाहण्याच्या नावेत चढताना एक-दोन पायऱ्या असतात, पण आत बसायला काचेची खोली असते. हंपबॅक देवमासे उन्हाळाभर खाण्यासाठी तिथे येतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये ते दिसण्याची शक्यता उत्तम असते. केचिकॅनला मी पैसे खर्च करणार नाही. बहुतेक जहाजे गावातल्या धक्क्यालाच लागतात, पावसाचा जोर पाहून उतरायचे की नाही ते ठरवावे.

बंदरावरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की बाहेरून, यावर वाद होऊ शकतो, कारण बाहेरच्या स्वस्त असतात. परंतु बाहेरच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि मंद चालणाऱ्या माणसाबरोबर ती जोखीम मी घेणार नाही.

उत्तरवारा

तारखांबद्दल राहून गेले होते. मे अखेर आणि जून हा तुलनेने कोरडा काळ असतो, आणि जुनोला जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस वाढू लागतो. तुमचे आईवडील एप्रिलमध्येच येत आहेत, तेव्हा जूनचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरावा. लोकरीचा एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर आणि वरून पाणी न शिरणारे जाकीट बरे. निघण्याच्या आदल्या दिवशीच व्हँकुव्हरला पोहोचावे, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी जहाज चुकत नाही. कॅनडा प्लेसपासून चालत जाता येईल अशी हॉटेले आहेत. तिथे खोली लवकर धरा, उन्हाळ्यात ती शेवटच्या महिन्यात मिळत नाहीत.