नवीन टायर टाकल्यापासून टीसीचा (ट्रॅक्शन कंट्रोलचा) लाईट लुकलुकून राहिला, कॅलिब्रेशन करावं लागते का?

संत्रा_३९०
नमस्कार मंडळी. गाडी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, २०२० चं मॉडेल, अलॉय व्हील. मागचा टायर १८ हजार किमीत पार गोटा झाला होता म्हणून मागच्या रविवारी दोन्ही टायर बदलून घेतले. दुकानातून निघालो तेव्हा सगळं ठीक होतं, पण वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढलो अन् चौथ्या गिअरमध्ये जरा पिळली की टीसीचा लाईट टकटक करायला लागला अन् गाडीनं उचकी लागल्यासारखं केलं. रस्ता कोरडा, सरळ, रेती नाही, पाणी नाही, तरी दर वेळेस तेच. एबीएसचा लाईट मात्र नॉर्मल आहे, गाडी सुरू केली की लागते अन् थोडं पुढे गेलं की विझते.
दुकानवाल्याला फोन केला तर म्हणे आता ट्रॅक्शन कंट्रोल कॅलिब्रेट करावं लागन, स्कॅनर लावावा लागते, १८०० रुपये. मी गाडीचा मेन्यू पूर्ण पालथा घातला, त्यात एमटीसी (केटीएमचं टीसी) बंद-चालू करता येते, कॅलिब्रेशन नावाचं काहीच सापडलं नाही. टीसी बंद केलं की गाडी मस्त पळते. तशीच बंद ठेवून चालवू का? शनिवारी पेंचला जायचं आहे, बायको मागे असन, म्हणून घाई करून राहिलो.

काटोल_नाका
१८०० खिशातच ठेव भाऊ. मालकानं मेन्यूत जाऊन करायचं कॅलिब्रेशन तुझ्या गाडीत नाहीच. ते असते अप्रिलिया, मोटो गुझी, डुकाटी असल्या इटालियन गाड्यांत. पुण्याच्या मित्राची अप्रिलिया आहे, त्यानं टायर बदलल्यावर माझ्यासमोर केलं होतं. सकाळी थंड टायरमध्ये बरोबर हवा भरली, मोकळा सरळ रस्ता धरला, मेन्यूतून कॅलिब्रेशन चालू केलं अन् दुसऱ्या गिअरमध्ये एकाच स्पीडवर गाडी काही सेकंद धरून ठेवली, ब्रेक नाही, थ्रॉटल पिळणं नाही. झालं. त्या वेळेस कोणतंच चाक घसरत नसते, म्हणून पुढचं चाक किती फिरलं अन् मागचं किती, ते प्रमाण गाडी लक्षात ठेवते अन् पुढे त्याच्याशीच तुलना करते.
टीसीला टायर कुठे दिसते? त्याला दिसतात दोन सेन्सर. डिस्कजवळ खाचा पाडलेली पातळ चकती असते ना, तिच्या खाचा मोजत राहणं एवढंच त्यांचं काम. मागचं चाक हिशोबापेक्षा जास्त फिरलं की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, समजते मागे टायर घसरला, अन् पॉवर कापते. म्हणजे टायर खरंच घसरून राहिला किंवा हिशोबच बिघडला, दोनातलं एक. तू साईज काय टाकली ते लिहिलंच नाही. टायरवर वाच, बिलावर नको.

संत्रा_३९०
आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन पाहून आलो. पुढचा १००/९०-१९, बरोबर आहे. मागचा १४०/७०-१७ निघाला!! कंपनीचा १३०/८०-१७ होता. बसवताना तो बोलला होता खरं, "सेमच आहे भाऊ, जरा रुंद दिसते, भारी वाटन." मी तर्री पोहे खायला गेलो होतो तेवढ्यात बसवून पण टाकला.

मानकापूरची_रायडर
पोह्यानं घात केला म्हणायचा.
आता हिशोब बघ. १३०/८० म्हणजे टायरची बाजूची उंची १३० च्या ८० टक्के, १०४ मिमी. १७ इंची रिम म्हणजे ४३१.८ मिमी, त्यात वरची अन् खालची उंची मिळवली की व्यास होतो ६३९.८. तुझ्या १४०/७० ची उंची भरते ९८ मिमी, व्यास ६२७.८. टायर रुंद झाला पण १२ मिमीनं बुटका झाला. तेवढाच रस्ता कापायला मागच्या चाकाला १.९ टक्के जास्त फिरावं लागते, अन् ईसीयूला वाटते घसरलं. उलट त्यानं १४०/८० टाकला असता ना, तर मागचं चाक हळू फिरलं असतं, लाईट लुकलुकलाच नसता, तू खूश राहिला असता, पण खरोखर घसरल्यावर टीसी उशिरा जागं झालं असतं. मला विचारशील तर ते जास्त वाईट.
आणि टीसी बंद ठेवून बायकोला घेऊन पेंचला जाऊ नको. नव्या टायरवर चकचकी असते, पहिले १५०-२०० किमी पकड अशीही कमीच.

भट्टी_४५
ताई हिशोब बरोबर, पण मले एक गोष्ट पटून नाही राहिली. याचा जुना टायर गोटा झाला होता म्हणते. पाचेक मिमी रबर गेलं असन तर व्यासात १० मिमी गेले, म्हणजे तो पण ६३० च्या आसपासच होता की. मंग तेव्हा काहून नाही लागला लाईट?

मानकापूरची_रायडर
चांगला पकडलास. पण तेव्हा पुढचा पण घासला होता ना. पुढे ३ मिमी धरलं तर मागचं चाक पुढच्यापेक्षा ४.३ टक्के जास्त फिरत होतं, कंपनीच्या नव्या जोडीत ते ३.६ असते. आता पुढचा नवा म्हणजे मोठा अन् मागचा बुटका, कागदावर ५.५ येते. फरक आहे, पण तू म्हणतो तसं, एवढ्यावर कोरड्या रस्त्यात उचक्या याव्या असं मलाही वाटत नाही. अजून काहीतरी आहे.

भट्टी_४५
हवा. मी पैज लावतो. ट्यूबलेस टायर रिमवर चढवताना कडा "ठक" आवाज करून बसत नाही तोवर हवा जास्तीची भरतात, मंग कमी करून बरोबर करायची असते, अन् दुकानात गर्दी असली की ते राहून जाते. माझ्या गाडीत पुढे तशीच ठेवली होती, स्पीडब्रेकरवर मनगटं दुखेपर्यंत मले कळलंच नाही. पुढे जास्त हवा असली की चाक थोडं मोठं होऊन हळू फिरते, मागे कमी असली की दबून जास्त फिरते. दोन्ही चुका एकाच बाजूला जातात.
सकाळी गाडी हलवायच्या आधी बघ, दुपारी नको. आपल्या इथे मे महिन्यात दुपारच्या हवेचा आकडा काही कामाचा नाही.
अन् हो, पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) मागचं चाक फिरवून टेस्ट करायला जाऊ नको. पुढचं थांबलेलं अन् मागचं पळून राहिलं म्हटल्यावर एबीएस-टीसी दोन्ही लाईट लागतात अन् माणूस उगाच घाबरते. लागलेच तर गाडी बंद करून परत सुरू कर अन् थोडी चालव, जातात.

काटोल_नाका
अन् हवा पाहताच आहेस तर माप पण घेऊन टाक. चाकावर अन् फरशीवर खडूनं एक रेघ, तू गाडीवर बसलेला, कोणीतरी हळूहळू ढकलायचं, पाच चक्कर झाल्यावर फरशीवर दुसरी रेघ, मग टेप लाव. दोन्ही चाकांचं वेगवेगळं. बसूनच घे, नुसत्या उभ्या गाडीचं माप वेगळं येते.

संत्रा_३९०
भट्टी भाऊ, पैज जिंकला तू. सकाळी सहाला गेज लावला, पुढे ४१ पीएसआय, मागे २१!! मागच्याचा व्हॉल्व्ह पण नीट लावला नव्हता, थुंकी लावली तर बुडबुडे येऊन राहिले होते.
खडूचं मापही घेतलं. मी बसलो, लहान भावानं ढकललं, आई गॅलरीतून विचारून राहिली की गाडी बंद पडली का. हवा तशीच ठेवून पाच चक्करमध्ये पुढचं चाक १०.३३ मीटर गेलं अन् मागचं ९.६८. भागाकार १.०६७. मग व्हॉल्व्हची पिन बदलली, मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे हवा भरली, परत मोजलं, पुढे १०.३० अन् मागे ९.७४, भागाकार १.०५७. ताईंनी कागदावर ५.५ टक्के सांगितले होते, खडूनं ५.७ आले, हे पाहून मी तिथेच बसून हसलो.
त्यानंतर आऊटर रिंग रोडनं ३० किमी फिरवून आणली. सरळ रस्त्यात उचकी बंद. पण जोरात पिळली किंवा सिमेंट रोडच्या जोडावरून गेलो की अजून एखादेवेळी लाईट लुकलुकते.

मानकापूरची_रायडर
तेवढा उरलेला तुझ्या बुटक्या टायरचा. एकदा मागच्या सेन्सरवरचा चिखल-वंगण पुसून घे आणि ती खाचांची चकती चाक फिरवून बघ, डगमगते का. काही दुकानांत चाक काढून डिस्कची बाजू खाली करून सरळ फरशीवर आपटतात, त्यात ती वाकते. पण चकती वाकली की बहुतेक वेळा एबीएसचाच लाईट आधी बोंबलते, तुझा शांत आहे, म्हणून मी फार काळजी करणार नाही. टायर मात्र बदलून माग. साईज त्यानं चुकवली, तू नाही.

संत्रा_३९०
अपडेट. गुरुवारी बिल घेऊन गेलो, बिलावर त्यानं स्वतःच १३०/८० लिहिलं होतं! आधी म्हणे वापरलेला टायर परत घेत नाही, मग खडूच्या मापाचा मोबाईलमधला फोटो दाखवला, अन् काय समजला कोणास ठाऊक, मालक आतून आला अन् म्हणाला दे रे बदलून. या वेळेस पोहे नाही, तिथेच स्टूल टाकून बसलो. टायरवरचे चार आकडे पण वाचून घेतले, टायर बनल्याचा आठवडा अन् वर्ष, माल ताजा होता. हवा माझ्या गेजनं भरून घेतली.
१३०/८० वर ६० किमी झाले, टीसी चालू आहे, लाईट एकदाच लागला, हिंगणा रोडला एमआयडीसीजवळ रेतीवर पिळली तेव्हा. तिथे लागायलाच पाहिजे होता. स्कॅनर नाही, कॅलिब्रेशन नाही. पेंच पुढच्या आठवड्यावर ढकललं, तोवर टायरची चकचकी जाईन.

भट्टी_४५
तो काढलेला १४०/७० दुकानातच पडून असन ना? पोट्ट्याच्या एमटी-१५ ले मागे तीच साईज लागते.

मानकापूरची_रायडर
अरे तो अ‍ॅडव्हेंचरचा गोट्यागोट्यांचा टायर आहे, एमटीला लावून काय वावरात नेणार आहे का पोरगा?

भट्टी_४५
त्याले काय, कॉलेजले जाते. पण स्वस्तात भेटत असन तर विचारून ठेवतो.